पहिल्या पत्त्याचा मान

कुडव्याहून तिरोड्याच्या रस्त्याला लागलं की राइस मिलच्या भिंती संपतात आणि डाव्या हाताला प्लास्टरचा एक मोठा व्हेल मासा तोंड वासून बसलेला दिसतो. तेच मस्ती आयलंडचं गेट. माशाच्या तोंडातून आत शिरायचं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, भूतबंगला, टकरा मारायच्या गाड्या, आणि सगळ्यात मागे, पार्किंगला लागून, स्नो हॉल. हा स्नो हॉल म्हणजे मालक हिमांशू भैयांची हौस. गोंदियाच्या उन्हाळ्यात लोकांना बर्फात खेळवायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. दोन उन्हाळे खेळवलंही. मग कॉम्प्रेसर बसला, बर्फाचा चिखल झाला आणि हॉल बंद पडला. हातभर जाड भिंती, उंचच उंच छप्पर, ना खिडकी ना झरोका, एवढं मात्र उरलं.

आणि उरला सेवकराम. तो त्या हॉलचा ऑपरेटर. बर्फ गेला तरी त्याची नोकरी गेली नाही, कारण त्याला काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. असं तो स्वतःच सांगायचा, हसून सांगायचा, पण ते सांगताना त्याच्या जबड्यापाशी काहीतरी उडायचं. चाळिशीला आलेला माणूस, दिसायला बरा, हाताचा कसबी. पण दुसऱ्याचं काही चांगलं झालेलं ऐकलं की त्याचं जेवण बिघडायचं. म्हणून त्याची बायको, रेणू, शेजारच्यांच्या बातम्या त्याचं ताट उचलल्यावरच सांगायची.

एप्रिलच्या सुरुवातीला हिमांशू भैयांनी त्याला ऑफिसात बोलावलं. "सेवकभाऊ, हॉल साफ करवा लो. पत्त्यांचा मनोरा बनणार आहे आपल्याकडे. वर्ल्ड रेकॉर्ड! ना गोंद, ना टेप, कुछ नहीं. पत्त्यावर पत्ता, सीधा छतापर्यंत. हवा बिलकुल नको, म्हणून तुमचा हॉल."

"बनवणार कोण?"

"नागपूरची मुलगी आहे, आचल. अरे, तुमच्याच गावची ना ती? लोक पागल आहेत तिच्या व्हिडिओंसाठी."

नागपूरची! सेवकराम मनातल्या मनात चडफडला. आचल त्याच्या सख्ख्या काकाची पोर. चोरखमाऱ्याच्या तलावापल्याड त्यांचं गाव, एकाच अंगणात दोन घरं. आर्किटेक्ट व्हायला नागपूरला गेली म्हणून काय नागपूरची झाली? आणि तिला पत्त्यांचा बंगला शिकवला कोणी? लग्नाच्या मांडवात मोठी माणसं पत्ते कुटून कुटून आडवी झाली की त्यांच्या उशाची गड्डी उचलायची आणि सतरंजीवर बंगला चढवायचा, हा सेवकरामचा उद्योग. अख्ख्या गावात त्याच्याइतका उंच बंगला कोणाचा होत नसे. ही एवढीशी पोरगी दोन्ही हातांनी नाक धरून शेजारी बसायची, आपला श्वास लागून पत्ता पडू नये म्हणून. आणि एका लग्नात तिनं त्याच्यापेक्षा एक मजला जास्त चढवला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सेवकरामनंही पिटल्या. मग उठताना त्याचा पाय सतरंजीला लागला. चुकून लागला, असं तो म्हणाला.

आचल आली ती छोटा हत्ती भरून पत्ते घेऊन. जीन्स, डोक्याला रुमाल, नखं अगदी बारीक कापलेली. टेम्पोतून उतरल्या उतरल्या तिनं सगळ्यांसमोर सेवकरामला वाकून नमस्कार केला. "दादा, तू आहेस इथे म्हणून मी हो म्हटलं," ती म्हणाली. सेवकराम म्हणाला, "चांगलं केलं," आणि पुढची सबंध दुपार तिची खोकी उतरवत राहिला. हमालाचं काम! अर्थात तिनं सांगितलं नव्हतं, तो आपणहून करत होता, पण मनात मात्र तिनंच लावलं असं धरून बसला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त. पेपरवाले आले, मोबाइल रोखून चॅनेलवाले आले. हॉलच्या मधोमध एक जाड प्लायवूडची फळी पाणसळीत बसवलेली, भोवती रेलिंग. हिमांशू भैया नवा कुर्ता घालून पुढे झाले, कारण पहिला पत्ता मालक ठेवणार हे निमंत्रणाच्या कार्डावरच छापलं होतं. आचलनं त्यांना हातानं थांबवलं.

"पहिला पत्ता सेवकदादा ठेवेल," ती म्हणाली.

सगळे कॅमेरे वळले. सेवकराम सुखावला, खोटं कशाला सांगा. त्याला गावच्या तलावाची पाळ, तो मातीचा लांबलचक बांध, आठवली. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारं. नवी पाळ घालायची असो की फुटलेली सांधायची, मातीची पहिली टोपली टाकायला गावातून एका माणसाला मुद्दाम बोलावणं जायचं. त्याला पागोटं बांधायचे, हातात नारळ द्यायचे, आणि तो टोपली रिकामी करेपर्यंत पाळीवर कोणी ब्र काढायचं नाही. लहानपणी सेवकरामला वाटायचं, आपण मोठे झालो की आपल्यालाही बोलावतील. कोणी बोलावलं नाही. आज या पोरीनं बोलावलं.

तिनं पत्ता हातात दिला. चौकटची तिर्री. झालं, तेवढ्यानं त्याचं बिनसलं. एवढ्या गड्ड्या फोडल्या, एक राजा नाही निघाला माझ्यासाठी? त्यानं पत्ता फळीवर उभा धरला, तिनं दुसरा टेकवला, फ्लॅश उडाले. टाळ्या वाजत असताना सेवकराम मनात म्हणाला, पडो मेलं.

काम सुरू झालं. उभ्या पत्त्यांची चौकोनी जाळी, अंड्यांच्या ट्रेसारखी, तिच्यावर आडव्या पत्त्यांची जमीन, तिच्यावर पुन्हा जाळी. आचल सकाळी यायची, चाकाच्या शिडीवर चढायची आणि दिवसभर बोटांनी बोलायची. तोंडातून शब्द नाही. रेलिंगच्या बाहेर लोकांची रांग, तीही कुजबुजत. सेवकरामचं काम दाराशी. दार उघडलं की लगेच लावायचं, पंखा लावू द्यायचा नाही, कोणाला पळू द्यायचं नाही. म्हणजे जे पडावं असं त्याला रात्रंदिवस वाटत होतं, ते पडू नये याचीच राखण त्याच्याकडे. देवाला तरी काय चेष्टा सुचते!

मनोरा त्याच्या कमरेला आला, मग छातीला. तो डोक्याच्या वर गेला त्या दिवशी सेवकरामचे खांदे दुखायला लागले. खोकी उचलली म्हणून असेल, असं त्याला वाटलं. रेणूनं तेल लावून दिलं. तेल लावता लावता ती म्हणाली, "अहो, खाट काऊन एवढी दबून राहिली? जेवण तं अर्धं केलं तुम्ही."

"सुंभ ढिला झाला असन."

"नवा आहे," रेणू म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून आत गेली.

मग शाळेची सहल आली. कितीही सांगितलं तरी पोरं ती पोरं. दार धाडकन आपटलं आणि पन्नासेक पोरांचा लोंढा रेलिंगवर येऊन आदळला. फळी हलली. सेवकरामनं ती हललेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्याच्या काळजात आनंदाची एक उकळी फुटली आणि तोंडानं तो ओरडला, "अरे अरे अरे!" भिंतीवरचं कापडी बॅनर फडफडत निसटून खाली आलं. पत्ते हलले नाहीत. एकसुद्धा नाही. शिडीवर आचल डोळे मिटून बसली होती, तिनं हळूच उघडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सेवकराम मात्र भिंतीला टेकला होता. खांद्यांवर कोणीतरी भाताचं पोतं टाकावं तसं झालं होतं त्याला.

योगायोग म्हणावा. त्यानंही तेच म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःच एक गोष्ट केली. भर दुपारी, आचल जेवायला गेलेली, बाहेर धूळ उडवत गरम वारा सुटलेला. सेवकरामनं समोरचं दार उघडलं. मग मागचं, माल आणायचं मोठं शटर वर केलं. वारा हॉलमधून आरपार गेला. धूळ आली, कागदाचे कप आले, कुठल्याशा झाडाची वाळकी पानं आली. ती पानं मनोऱ्यावर जाऊन आपटली आणि खाली पडली. सेवकराम जवळ गेला. पत्त्यांच्या जाळीतून वारा शिट्टी घालत होता, ऐकू येत होता, आणि एका पत्त्याचा कोपरा म्हणून थरथरत नव्हता.

तो खाली बसला. अगदी तळाला, कडेला, त्यानं ठेवलेली चौकटची तिर्री होती. त्यानं आजूबाजूला पाहिलं, दोन बोटांत पत्ता धरला आणि ओढला.

आई गं! नखाच्या मुळाशी कोणी सांडशी लावून ओढावं अशी कळ त्याच्या डोक्यापर्यंत गेली. बोट पाहिलं तर बोटाला काही नाही. पत्ताही जिथल्या तिथे. त्यानं शटर खाली केलं, पानं झाडून टाकली. आचल आली तेव्हा तो दाराशी उभा होता.

"दादा, धूळ आली का रे आत?"

"थोडीशी."

तिनं मनोऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काहीतरी विचारणार होती, पण शिडी चढून गेली.

त्यानंतर तो बसेनासा झाला. बसलं की उठताना जीव जायचा, म्हणून उभाच राहायचा. मोटारसायकलचं मागचं चाक दर दोन दिवसांनी बसत होतं. कुडव्याच्या नाक्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "सेवकभाऊ, गाडीवर काय वाहून राहिले तुम्ही?" सेवकराम चिडला. चिडण्यासारखं रोज काहीतरी होतच होतं. पेपरात फोटो आला, त्यात पहिला पत्ता ठेवणारा हात होता आणि चेहरा कापला होता. एक म्हातारा त्याच्या पाठीला पाठ टेकून चांगला पाच मिनिटं उभा राहिला. एका बाईनं सेल्फी काढण्यापुरती आपली पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली, सेल्फी काढला, पिशवी काढून घेतली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. माणूस आहे की खुंटी? कोणाला म्हणून त्याची किंमत नाही, आणि तिच्या शिडीखाली मात्र सह्या घ्यायला गर्दी!

सोमवारी पार्क बंद असतो. त्या सोमवारी तो गावी गेला. खरं तर का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. चोरखमाऱ्याच्या तलावाला वळसा घालून गाडी अंगणात लावली तेव्हा मंदाबाई, आचलची आई, चटईवर मोहफुलं वाळत घालत होती.

"काय गा सेवक," ती म्हणाली, "वाळला काऊन एवढा?"

"काकी, एक सांग. पाळीवर पयली टोपली टाकाले कोणाले बोलवत होते?"

मंदाबाईचा हात थांबला. "आचलनं तुह्या हातानं ठेवला का पत्ता?"

"तूच सांगतलं होतं का तिले?"

"मीच सांगतलं. लय भेव लागून राहिलं होतं पोरीले. दोनदा पडला होता म्हणे नागपूरले. म्हणलं, सेवकदादाच्या हातानं ठेव."

"मानाच्या माणसाले बोलवत ना? पागोटं बांधत, नारळ देत..."

मंदाबाई हसली. वाईट हसली नाही. लहान पोरानं काहीतरी उलटंच समजून घेतलं म्हणजे मोठी माणसं हसतात, तेवढंच. "मानाच्या माणसाले आखरीले बोलवत, बापा, पूजेले. पयली टोपली त्याले देत, ज्याच्या पोटात दुखते. ज्याले उठल्या-बसल्या वाटते का हे पाळ फुटली पायजे. त्याच्या हातची माती तळाले गेली का पाळ हालत नाही. तो जेवढा जळन तेवढी पक्की."

अंगणात एक कोंबडी मोहफुलांकडे आली. मंदाबाईनं तिला हुसकलं.

"आन त्या माणसाले काय होते?" सेवकरामनं विचारलं.

"काही नाही होत. पाळ उभी राहते."

"आन तो?"

"तो भी राहते उभा."

"मंग कधीच फुटत नाही का पाळ?"

"फुटते ना. त्याचं मन निवलं का फुटते. म्हणून त्याले कोणी खुश नव्हते ठेवत, बापा. पंगतीत मागं बसवत. त्याच्या पोराच्या बारशाले जात नव्हते. बिचारा! पण काय करता, अख्ख्या गावाचं धान त्या पाण्यावर."

मग जे विचारायचं नव्हतं तेच सेवकरामनं विचारलं. "काकी, तुम्हाले माहीत होतं? का मी आचलवर..."

"जळतेस म्हणून? बाप्पा!" मंदाबाईला खरोखर नवल वाटलं. "सारं गाव जाणते. तू सतरंजीले लाथ मारली तेव्हापासून. पोरीले तं सगळ्यात पयले माहीत."

परतीच्या वाटेवर त्याला ना रस्ता दिसला, ना तलाव. पागोटं, टोपली, पाळ, ही सगळी म्हाताऱ्या बाईची बडबड, त्यावर विश्वास ठेवण्याइतका तो खुळा नव्हता. आयटीआय केलेला माणूस तो. पण सारं गाव जाणते! इतकी वर्षं तो टाळ्या पिटत होता, चांगलं झालं म्हणत होता, तिच्या निकालाला पेढे घेऊन गेला होता, आणि ते सगळे पेढे खाऊन गालातल्या गालात हसत होते? आणि ती! पायाला हात लावला, दादा म्हणाली, आणि भर लोकांत त्याच्या हातात ती तिर्री दिली. मान कसला, त्याच्या काळजातली घाण उचलून तिनं पायात घातली होती! त्याच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

मंगळवारी मनोरा एका दिवसात जेवढा कधी चढला नव्हता तेवढा चढला. "दादा, आज पत्ते आपोआप बसताहेत," शिडीवरून आचल म्हणाली. तिचा आवाज आनंदी नव्हता.

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. चांगलं चिंतायचं, असं ठरवून तो दाराशी उभा राहायचा. पोर कष्टाळू आहे, म्हणायचा. काकाच्या माघारी शिकली, म्हणायचा. बोटांत कला आहे, म्हणायचा. इथवर यायचा आणि आतून कोणीतरी म्हणायचं, कला तुझी होती. मग पुन्हा खांद्यांवर ते पोतं.

विक्रमाचा दिवस उजाडला. विक्रम नोंदवणारे दोघे कोट घालून दिल्लीहून आले. हॉल खचाखच भरला होता. लाल किरणाच्या यंत्रानं खालून वरपर्यंत माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि त्यातल्या एकानं माइकवर सांगितलं की आधीच्या विक्रमापेक्षा हा मनोरा चांगला हातभर उंच आहे. हिमांशू भैया नाचायलाच लागले. सेवकरामनं टाळी वाजवायला हात उचलला. हात कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

आता शेवटचा खेळ. आचल आपला मनोरा नेहमी स्वतःच पाडते, त्यासाठीच तर लोक येतात. बागेतला पाला उडवायचं ब्लोअर तिच्या हातात दिलं. सगळ्यांनी मोबाइल वर केले. उलटी मोजणी झाली. ब्लोअर घरघरला.

विक्रमवाल्यांचे कागद उडाले. हिमांशू भैयांची टोपी उडाली. पुढच्या बायकांचे पदर उडाले.

मनोरा उभा होता.

आचल दोन पावलं पुढे गेली. मग आणखी दोन. ब्लोअरचं तोंड तिनं पत्त्यांना टेकवलं. मग ते बंद करून खाली ठेवलं आणि तळहात लावून मनोरा ढकलला. तिचे पाय फरशीवर मागे सरकले.

मग कोणीतरी शिट्टी मारली, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेर टकरांच्या गाड्यांवरची माणसं धावत आली. जादू समजले लोक! "ये तो यहीं रहेगा!" हिमांशू भैया माइकवर ओरडत होते. "परमनंट!"

आचल टाळ्यांकडे पाहत नव्हती. गर्दीतून वाट काढत ती सेवकरामसमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा, सोड ना आता. उतरव."

"मी काय केलं?"

"आईनं सांगितलं तसं मी केलं. मला खरं वाटलं नव्हतं रे. मला वाटलं, निदान तुला बरं वाटेल, सगळ्यांसमोर." तिनं त्याचा हात धरला आणि लगेच सोडला, तो इतका गार आणि कडक लागला. "माझं चांगलं झालेलं तुला एकदाही आवडलं नाही का? एकदा पण?"

काही चॅनेलवाले तिला ओढून घेऊन गेले. त्यातल्या एकानं आपल्या कॅमेऱ्याची केबल सेवकरामच्या दंडाला गुंडाळली, मुलाखत झाल्यावर सोडवली आणि गोळा करून नेली. संध्याकाळी आचल रडत नागपूरच्या गाडीत बसली, हे त्याला कोणीतरी कोणाला तरी सांगताना ऐकू आलं.

तो घरी गेला नाही. जाता येईना. रेणूनं फोन केला असणार, खिशात काहीतरी थरथरत होतं, मग ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. गर्दी जेवायला पांगली होती. सेवकराम रेलिंगपाशी उभा होता आणि समोर मनोरा. वरच्या दिव्यांचा उजेड जाळीजाळीतून गाळून खाली येत होता. त्यानं पहिल्यांदा तो नीट पाहिला. इतके दिवस तो पडेल कुठून, एवढंच पाहत होता. आता पाहिलं तर कोपरे कसे सांधले होते! वरचा भार चारी अंगांनी वाटून दिला होता. सतरंजीवर त्याला जे जमावंसं वाटायचं, आणि पाचव्या मजल्याला जे नेहमी ढासळायचं, ते इथे छपरापर्यंत गेलं होतं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. रागाचं नव्हतं.

"लय बेस बांधलं वो, आचल," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. अगदी आतपर्यंत खरं होतं.

वर काहीतरी वाजलं.

सगळ्यात वरचा एक पत्ता सुटला. गिरक्या घेत, सावकाश, तो खाली आला आणि फळीवर पडला. मग दुसरा. मग तिसरा कडेवरून कलला. सेवकरामचे खांदे एकदम हलके झाले. छाती भरून हवा आत गेली, कितीतरी दिवसांनी.

पडला, त्याच्या मनात आलं.

पडला! शेवटी पडला! तिचा पडला!

त्यानं तो आनंद आवरायला पाहिलं. दोन्ही हातांनी तोंड दाबावं तसं त्यानं मन दाबलं. पण तो केव्हाच झाला होता, आणि असा आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता.

तिसरा पत्ता कडेवर अर्धा बाहेर आलेला, तसाच थांबला.

आता त्याला पाय उचलायचा होता. तो खालीच राहिला.

त्याला ओरडायचं होतं.

त्याच्यामागे दार उघडलं. पार्कची सफाईवाली कुंदाबाई बादली घेऊन आत आली. फोन कानाशी आणि खांद्याशी दाबलेला, पलीकडे तिची सून असावी. "हव, डाळ भिजवून ठेव," ती सांगत होती. "नाही वो, मी येतो पाचपर्यंत." बोलता बोलता तिनं फडका भिजवला. दाराची काच पुसली. रेलिंग पुसलं. सेवकरामचे हात पुसले, आधी एक, मग दुसरा, बोटांच्या मधून फडका फिरवून. मग टाचा उंचावून त्याचा चेहरा पुसला.

गालावर फडका पुन्हा फिरवावा लागला तिला. पुसला की तो पुन्हा ओला होत होता.

"थांब वो एक मिनिट," ती फोनमध्ये म्हणाली. "इथं वरून कुठून तरी गळून राहिलं," आणि मान मागे करून कुंदाबाई कोरड्या ठणठणीत छताकडे बघत राहिली.